पोरींची बांधी आणि मिशीवाला माणूस

रिनाचं साक्षगंध झालं, पाहुणे गेले, उरलेली बुंदी शेजारच्या धुरपताच्या घरी पोचली, आणि चवथ्या दिवशी रिना माझ्याजवळ येऊन बसली. मी तांदूळ निवडत होती. पोरगी अशी गुपचूप येऊन बसली की काहीतरी मागणार, हे मले तिच्या लहानपणापासून ठाऊक आहे. मले वाटलं, आता ही फ्रिज मागते.

ती म्हणे, "आई, लग्नातला भात आपल्या पोरींच्या बांधीचा पाहिजे."

"बस? इतकंच?"

"आन् त्या बांधीची रोवणी मी, सुकरी आन् ललिता, तिघीनंच कराची. चवथा हात नाई लागला पाहिजे."

मी म्हटलं, "अर्ध्या दिवसाचं काम हाये. करून टाका."

हे मी बोलली. धुरपता बुंदीचा डबा परत द्याले आली होती, तिनं ऐकलं, म्हणून आता नाकबूलही करता येत नाई.

पोरींची बांधी म्हणजे आमच्या धानाच्या वावराचा सगळ्यात शेवटचा तुकडा. चारी बाजूनं धुरा, म्हणजे मातीचा बांध, मधात एवढंसं पाणी, आणि पलीकडे लगेच जंगल. या तिघी लहान होत्या तेव्हा रोवणीत लुडबुड करत, मोठ्या बायांच्या ओळी तुडवत. म्हणून मी त्याइले तो कोपरा देऊन टाकला, का जे बिघडवाचं ते तिथी बिघडवा. सुकरी जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे तिकडच्या वस्तीतली, तिची माय आमच्याकडे रोवणीले येत होती. ललिता आमच्याच गल्लीतली. दरवर्षी तिघी तो कोपरा वाकडातिकडा रोवत आणि दरवर्षी मी त्याले नावं ठेवत. मग सुकरीचं लग्न होऊन ती मुलचेऱ्याकडे गेली, ललिता फॉरेस्टात गार्ड झाली, आणि बांधीचं नाव तेवढं राह्यलं.

रिना नागभीडले ऑनलाइन फॉर्म भराच्या दुकानात बसते. दिवसभर दुनियेचे फॉर्म भरते आणि संध्याकाळी घरी आली की परसातल्या जांभळीखाली जाऊन उभी राहते, कारण आमच्या घरी टावर तिथीच लागते. पहिले प्रफुल्लचा फोन. प्रफुल्ल म्हणजे आमचा होणारा जावई, भद्रावतीले फॅक्टरीत आहे. पोरगा सोन्यासारखा, पण फोनवर ‘जेवली का’च्या पुढे जात नाई. अर्धा घंटा ‘जेवली का’ चालते. एवढ्या वेळात माणूस जेवून, भांडे घासून मोकळा होते.

सोमवारी मात्र जांभळीखाली वेगळी मजा राहते. सुकरीच्या गावात टावर नाई. ती हप्त्यातून एक डाव बाजाराले निघते, तेव्हा तिनं आठ दिवस फोनात बोलून ठेवलेले सगळे निरोप एकदमच इकडे येऊन पडतेत. रिना ते ऐकत झाडते, ऐकत पाणी भरते आणि एकटीच हासते. सुकरी सांगते, बकरी व्याली. सुकरी सांगते, सासूचा चष्मा हरपला. पुढच्या निरोपात चष्मा बकरीजवळ सापडला. मले विचारलं त त्यात हासाचं काही नाई. पण मले कोणी विचारलं नाई.

त एका सोमवारी रिनानं विचारलं, रोवणीले येशील का. पुढच्या सोमवारी उत्तर आलं, कधी. रिनानं दिवस सांगतला. त्याच्या पुढच्या सोमवारी सुकरी म्हणे, आमची रोवणी आटपली की येतो, थांबशील. इतक्या दिवसात दुसऱ्याच्या घरचे दोन लग्न जमून मोडले असते. पण रिना खुश. "येते म्हणाली," असं तिनं मले तीनदा सांगतलं, जसं काही मी बहिरी आहो.

मग वाघ निघाला. आमच्याकडे वाघ निघणं ही काही बातमी नाई. पण यावेळी पंजे उमटले ते नेमके पोरींच्या बांधीच्या धुऱ्यावर. वनखात्यानं रस्त्यावर फीत बांधली, झाडाले आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला आणि परवानगीशिवाय तिकडे जाऊ नये अशी दवंडी दिली. तिथची गार्ड कोण? ललिता.

मले वाटलं, घरचीच पोट्टी. मी म्हटलं, "ललिते, ते फीत उचल. आमाले चिखलणी कराची हाये."

ती वर्दीत होती. म्हणे, "काकू, अर्ज द्या."

माझ्या हातचा भात खाऊन वाढलेली पोरगी मले अर्ज मागते, आणि ‘काकू’ म्हणून मागते. ‘ओ बाई’ म्हटली असती त इतकं लागलं नसतं. मी दोन दिवस तिच्या दारावरून गेली नाई. तिसऱ्या दिवशी गेली, कारण नळ तिकडेच आहे.

अर्ज रिनानं लिहिला. जंगल ऑफिसातल्या बाबूनं तो चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला. जाण्याचं कारण म्हणून त्या कागदावर सरपण, मोहफूल, तेंदूपान, जनावर चारणे आणि इतर एवढंच छापलेलं. रिनानं ‘इतर’वर खूण करून पुढे लिहिलं होतं, मैत्रिणींसोबत रोवणी.

बाबू म्हणे, "मैत्रिणी हे कारण होत नाही."

मी म्हटलं, "रोवणी त होते ना भाऊ?"

"रोवणी शेतात होते. हा कागद जंगलाचा आहे."

"मग शेताचा कागद द्या."

"शेत तुमचं. त्याले आमची परवानगी कशाले पाहिजे?"

"मग जाऊ?"

"जाता नाई येत. रस्ता आमचा हाये."

मी म्हटलं, म्हणजे मी उडत जाऊन वावरात उतरली त चालते. तो म्हणे, उडाच्या बाबतीत काही आदेश नाई.

सरपंचाचा दाखला, सातबारा, सगळ्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स. दुनियेचे फॉर्म भरणारी पोरगी, तिचा स्वतःचा फॉर्म तीन डाव परत आला. सुकरीच्या आधारकार्डाचा फोटो यायले एक सोमवार गेला, आणि आला तो आडवा, कोपऱ्यात बकरीचा कान. शेवटी बाबू म्हणे, पाच माणसांच्या खाली सोडत नाई, वाघ कमी माणसाले भीत नाई. मी मोजले. रिना, सुकरी, मी, रिनाचे बाबा. ललिता म्हणे, "काकू, मी ड्युटीवर राहीन, मले मोजता येत नाई. आन् वर्दीत चिखलातही उतरता येत नाई."

म्हणजे तिघींपैकी एक अशी गेली. रिना घरी येऊन जांभळीखाली उभी राह्यली, त्या दिवशी फोन न लावताच.

पाचवी धुरपता. ती लगेच तयार झाली, पण ती तयार झाली की सोबत सल्ला येते. "बायनाबाई, नवरीनं चिखलात पाय टाकू नये. बोटं सडतेत, फोटोत दिसते. आन् ते भद्रावतीचे लोक कॉलनीतले. त्याइच्याकडे चिखल फक्त टीव्हीत दिसते."

"भात त त्याइच्या ताटात दिसते ना? तो काय टीव्हीतून पडते?"

"माझं काय जाते बाई, मी चांगल्यासाठी सांगून राह्यली."

रिनाचे बाबा, म्हणजे सोमाजी, याइचा सल्ला एकच: होऊन जाईन. पोरगी जन्मली तेव्हाही होऊन जाईन, घराचं छप्पर उडालं तेव्हाही होऊन जाईन. त्याइच्यासंगं तीस वर्षं काढली, आता मलेही वाटाले लागलं आहे का होऊनच जाते.

परवानगी आली, आणि तिच्यासोबत पाच सरकारी मुखवटे आले. वाघ मागून येते, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूले माणसाचं तोंड बांधाचं, म्हणजे वाघाले वाटन हा आपल्याकडेच पाहून राह्यला. पाचही तोंडं एकाच साच्यातली. फुगलेले गाल, वटारलेले डोळे आणि हातभर मिशी. रिनाच्या बाबाले आयुष्यात पहिल्यांदा मिशी आली, ते दिवसभर काढाले तयार नव्हते.

इकडे पऱ्हे म्हातारे व्हाले आले होते. पऱ्हे म्हणजे धानाची कोवळी रोपं. ते महिन्याच्या आत उपटून रोवले नाई त पिवळे पडतेत, मग फुटत नाई. एकोणतिसाव्या दिवशी सोमवार होता. सुकरीचा एकच निरोप आला. नाल्यावर पाणी आहे, गाडी बंद, मी तुमच्याकडच्या रस्त्याचीच चौकशी करून राह्यली, पण आज नाई जमत.

रिनानं तो निरोप दोनदा ऐकला. मग म्हणे, "उद्या करू."

कागदावर नावं पाचच होती, सुकरी मागून येते म्हणून ललितानं आमाले चौघाले सोडलं. सकाळी बांधीत उतरल्यावर रिनानं पयले दोरी घेतली आणि मधातून एक पट्टा आखला, बैलबंडी जाईन एवढा रुंद. "ही सुकरीची जागा. इथी कोणी लावाचं नाई."

मी म्हटलं, "चिखलेली जमीन कोणी उपाशी ठेवते का? गवत माजते तिथी."

"माजू दे. मी काढीन."

रिनाचे बाबा वर आभाळाकडे पाहाले लागले.

चवथा हात नको म्हणणारी पोरगी एकटी किती रोवणार? दुपारपर्यंत पाव बांधी झाली, कंबर धरून उभी राह्यली. मग म्हणे, "आई, तू ये." मी काय, वाटच पाहत होती. माझ्यामागून धुरपता उतरली. ललिता धुऱ्यावर काठी आणि शिटी घेऊन उभी, बूट चकाचक, आणि नजर जंगलाकडे कमी, बांधीकडे जास्त.

आणि नेमके त्याच दिवशी, त्याच वेळी, विहीणबाई आल्या.

लग्नाच्या पांढऱ्या साडीचा काठ निळा घ्यावा का जांभळा, हे दाखवाले त्या प्रफुल्लले घेऊन आल्या होत्या. फोन लावले, पण आमचे फोन डब्याच्या थैलीत. घराले कुलूप. गल्लीत कोणीतरी सांगतलं, शेवटच्या बांधीत आहेत. विहीणबाई म्हणजे भद्रावतीच्या बुद्धविहारात महिला मंडळाच्या अध्यक्ष. अंधश्रद्धेवर त्याइचं भाषण ऐकाले दुसऱ्या कॉलनीतून बाया येतेत. त्या धुऱ्यावरून सांभाळत आल्या तेव्हा आमी कंबर सरळ कराले उभ्या होतो, तोंड जंगलाकडे, पाठ रस्त्याकडे.

विहीणबाईले काय दिसलं? चार माणसं, चौघांची एकच मिशी, चौघंही डोळे वटारून त्याइच्याकडेच पाहून राह्यले, आणि त्यातल्या तिघांनी लुगडं, सलवार घातलेली.

त्या म्हणाल्या, "जय भीम."

आमच्या डोक्यावर पावसाचं प्लास्टिक, त्यावर थेंबांचा आवाज. आमाले ऐकू आलं नाई. त्या परत म्हणाल्या, "जय भीम." कोणाची पापणीही हालली नाई. मग मी पऱ्ह्यांची जुडी घ्याले मागे सरकली. रोवणीत बाई मागेच सरकते. त्याइले दिसलं, हिरव्या लुगड्यातला मिशीवाला माणूस आपल्याकडे चालत येऊन राह्यला, आणि त्याचे पाय उलटे.

त्यानंतर अंधश्रद्धेवरचं भाषण काही कामी आलं नाई. विहीणबाई गेल्या त्या सरळ बांधीत, साडीच्या पिशवीसकट. प्रफुल्ल "आई" म्हणून ओरडला. ललिताले वाटलं वाघ, तिनं शिटी फुंकली. शिटीवर गावातून वीस-पंचवीस माणसं काठ्या, कुऱ्हाडी, टिनाचे डबे घेऊन धावत आली. येऊन पाहतेत त वाघ नाई. पांढऱ्या केसांची एक बाई मांडीभर चिखलात बसली आहे, आणि तिच्या चारी बाजूनं मिशीवाले उभे.

मी मनात म्हटलं, झालं. मोडलं. पोरीचं लग्न अर्ध्या दिवसाच्या कामात मोडलं. मी आयुष्यात कोणाले माफी मागितली नाई, ती कशी मागतेत हेही मले नीट येत नाई. तरी मुखवटा काढून मी पुढे झाली. रिना जागेवर थिजलेली, हातात जुडी तशीच.

विहीणबाईनं आपले हात वर करून पाह्यले. दोन्हीकडून पाह्यले. मग जवळ तरंगत आलेली पऱ्ह्यांची एक जुडी उचलली, तीन काड्या वेगळ्या केल्या आणि बसल्या जागेवरूनच चिखलात खोचल्या. मग आणखी तीन.

मी म्हटलं, "विहीणबाई, अंगठा थोडा आत—"

"मले शिकवता का? माहेर सिंदेवाईकडचं हाये माझं." आणि त्या पदर खोचून उभ्या राह्यल्या. "अठ्ठावीस वर्षं झाले. कॉलनीत कुंडी हाये, तिच्यात तुळसही लावत नाई, मनीप्लांट हाये."

त्या रोवाले लागल्या, आणि खरं सांगतो, हात माझ्यापेक्षा चालू होता. धुरपतानं ते पाह्यलं आणि तिच्याजवळचा सल्ला पहिल्यांदा संपला. गावचे लोक काठ्या टेकून धुऱ्यावर बसले.

रोवता रोवता विहीणबाई त्या रिकाम्या पट्ट्यापाशी आल्या. "हे काऊन सोडलं?"

रिना हळूच म्हणे, "माझ्या मैत्रिणीची जागा हाये, काकू. तिची गाडी बंद हाये."

विहीणबाई थांबल्या. "आमी पाच जणी होतो," त्या म्हणाल्या. "रोवणीले संगं, शाळेत संगं, बोरं चोराले संगं. पोरानं फोन घेऊन देल्ला तेव्हा म्हटलं शोधू. नाव टाकलं, त दुनियाभरच्या बाया निघाल्या. लग्न होऊन कोणती कोणत्या आडनावात गेली, मले एकीचंही माहीत नाई." मग त्या पट्ट्याले वळसा घालून पलीकडे गेल्या. "राहू दे तिची जागा."

ललितानं इकडे तिकडे पाह्यलं. वीस-पंचवीस माणसं, काठ्या, डबे. आता वाघ आला असता त त्यालेच अर्ज द्यावा लागला असता. तिनं खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, पॅन्ट दुमडली आणि शिटी रिनाच्या बाबाच्या गळ्यात घालून चिखलात उतरली. रिनाजवळ जाऊन म्हणे, "सरक. तुह्या ओळी अजूनही वाकड्याच हायेत."

"तुह्या बूटासारख्या चमकत नाई, एवढंच."

त्या दिवशी संध्याकाळी रिनानं चिखलाच्या बोटानं फोन घेतला आणि काहीतरी करत बसली. मी डोकावून पाह्यलं. मी दुसरीच शिकलेली असली तरी मले वाचता येते. तिनं फोनातलं ललिताचं आडनाव खोडून तिथी लिहिलं होतं, ललिता बांधी. खाली, सुकरी बांधी. विहीणबाई मागून म्हणाल्या, "माझंही तसंच टाक." साडीचा काठ निळा होता का जांभळा, ते त्या दिवशी चिखलामुळे कोणालेच सांगता आलं नाई.

आता खरं म्हणजे गोष्ट इथी संपाले पाहिजे होती. पण रिकामा पट्टा राह्यला होता.

रिना कामावर जाई. सुकरीसाठी ठेवलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या मी पाण्यात उभ्या करून ठेवल्या होत्या, त्या रोज थोड्या पिवळ्या होत. मी काही त्यांच्याकडे लक्ष देत नव्हती. मले माझी कामं आहेत.

दहाव्या दिवशी ललिता घरी आली, तोंड गंभीर. "काकू, साहेबानं बोलावलं. ऑफिसात."

साहेबाच्या टेबलावर फोटो मांडलेले. झाडावरच्या कॅमेऱ्यानं काढलेले. एका फोटोत डुक्कर, एकात साळिंदर, आणि बाकी सगळ्यांत एक मिशीवाला माणूस. रोज भर दुपारी, लुगडं नेसून, धुऱ्यावर उभा, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून. अर्धा-अर्धा घंटा.

साहेब म्हणे, "हा इसम कोण?"

मी म्हटलं, "मले काय माहीत. आजकाल कोणीही फिरते."

ललिता म्हणे, "काकू, लुगडं तुमचं हाये."

"असं लुगडं अर्ध्या गावाजवळ हाये."

साहेबानं ड्रॉवरमधून मुखवटा काढला. मी तो बांधून भिंतीकडे तोंड करून उभी राह्यली. शाळेत दुसरीत असताना मास्तरनं असंच उभं केलं होतं, त्यानंतर मी शाळेत गेली नाई. आता या वयात ऑफिसातले सगळे बाबू येऊन माझ्या पाठीकडे पाहून म्हणाले, "हाच तो."

"तुम्ही तिथं रोज काय करता?" साहेबानं विचारलं.

"गवत पाह्यतो."

"गवत खाली असते. तुम्ही मान वर करून उभ्या आहात. आणि जंगलाकडे पाठ करून."

मी भिंतीकडेच पाहत राह्यली. भिंतीवर वाघाचं चित्र होतं, तो माझ्याकडे पाहत होता. ललिता हळू आवाजात म्हणे, "साहेब, तिथून बसचा थांबा दिसते. दुपारची गडचिरोलीकडून येणारी बस."

मग तोच चष्म्याचा बाबू कागद काढून माझ्यासमोर बसला. परवानगीशिवाय रोज जाण्याचं कारण लिहावं लागते म्हणे. त्यानं सरपण, मोहफूल, तेंदूपान, सगळं वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "इतर."

तो पुढे विचारेल म्हणून मी तयार होती. पण त्यानं खूण केली आणि कागद ठेवून देल्ला.

येताना ललिता म्हणे, "काकू, मले सांगतलं असतं त मीच उभी राह्यली असती."

"तुले ड्युटी हाये."

"तेच त काकू. माझी ड्युटीच उभं राहाची हाये."

बाराव्या दिवशी सुकरी आली. मुलचेऱ्याहून चामोर्शी, चामोर्शीहून गडचिरोली, तिथून ब्रम्हपुरी, तिथून आमच्याकडे. चार गाड्या बदलून उतरली ती कडेवर दोन वर्षांची पोरगी आणि हातात मोहाच्या लाडवांची पिशवी. रिना दुकान सोडून धावत आली. मले वाटलं, आता रडतेत गळ्यात पडून. सुकरीनं पऱ्ह्यांच्या जुडीकडे पाह्यलं आणि म्हणे, "हे त पिवळे झाले ना वो."

"तूच पिवळी झाली. किती वाळली."

"तू किती फुगली. लग्नापर्यंत मांडवात मावशील ना?"

तीन वर्षांनी भेटून त्याइचं हे बोलणं. मग दोघी एका घंट्यात बांधीत. ललितानं त्या दिवशी सुटी घेतली, रीतसर अर्ज देऊन. पट्टा केवढासा, पण तिघीनं संध्याकाळ केली. तीन काड्या लावाच्या आणि चार गोष्टी सांगाच्या, असं चालू होतं. बकरीची गोष्ट, चष्म्याची गोष्ट, ज्या रिनानं फोनात ऐकल्या होत्या त्याच परत, आणि परत तितकंच हासणं. मी धुऱ्यावर सुकरीच्या पोरीले घेऊन बसली. पोरगी माझ्या तोंडाकडे पाहे, मग मागे जाऊन मिशीवाल्याकडे पाहे, मग पुन्हा पुढे. तिले वाटलं, या बाईजवळ एक माणूसही राहते.

ललितानं त्याइले कॅमेऱ्याची गोष्ट सांगतली. सांगू नको म्हटलं होतं तरी सांगतली. तिघी चिखलात वाकून वाकून हासल्या. मग रिनाचं हासणं थांबलं. ती उभी राहून माझ्याकडे पाहाले लागली. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण डोळ्यात काहीतरी गेलं होतं. त्यामुळे तिले माझं तोंड दिसलं नाई. मिशीवाला तेवढा दिसला.

"आई," ती म्हणे.

"काम करा," मी म्हटलं. "उजेड जाते."

बाकीची बांधी कार्तिकात पिकली. कापली, चुरली, तांदूळ घरी आला. सुकरीचा पट्टा मात्र मधात हिरवाच उभा. म्हातारे पऱ्हे, उशिराची रोवणी, लोंब्या बारीक. धुरपता म्हणे, जनावराले कापून टाका. मी म्हटलं, तुह्या जनावराले दुसरं काही मिळत नाई का.

लग्न रविवारी ठेवा, सगळ्यांना सुटी राहते, असं सगळं गाव म्हणत होतं. रिनानं सोमवार मागितला. विहीणबाईनं काऊन म्हणून विचारलंही नाई, सोमवार म्हणाल्या. सुकरीले येता आलं नाई, तिच्या घरचं धान कापणीवर होतं. पण मांडवात सगळे जमले, भंतेजी बसले, प्रफुल्ल पांढऱ्या कपड्यात उभा, आणि नवरी कुठी? नवरी परसात, जांभळीखाली, पांढऱ्या साडीत, फोन कानाले लावून. काठ निळा होता, शेवटी. पाहुणे कुजबुजाले लागले. विहीणबाई माइकजवळ जाऊन म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा. तिचे निरोप ऐकाचे राह्यले हायेत."

निरोप अकरा होते. सगळे ऐकून झाल्यावर ती आली. भात त्याच बांधीचा होता. लोकं म्हणाले, चांगला होता. मले चव कळली नाई, मी वाढत होती.

आठ दिवसांनी मी इळा घेऊन बांधीत गेली. पट्टा पिकून वाकला होता. कापाले माणूस बोलावला नाई, केवढं ते. हा तांदूळ वेगळा ठेवाचा. रिना पहिल्यांदा येईन तेव्हाचा, आणि सुकरीले जमलं त तेव्हाचा. कोणती आधी येते ते पाहू.

पाच माणसांची अट तेवढी उठली, पण वाघाची परवानगी अजून घ्यावीच लागते, मुखवटाही बांधावाच लागते. वाकून कापत होती त खालचं तेवढं दिसे. पेंढी बांधाले सरळ झाली की पुढे जंगल. दुपारच्या बसचा आवाज आला, पण मी वळून पाह्यलं नाई. वळाचं काम नव्हतं. मागे मिशीवाला होताच, थांब्याकडे डोळे वटारून. मी त्याले म्हटलं, कोणी उतरली त सांगजो.